टाकलेली पानं

आमच्या घरात भांडण लागलं की बाबा ओरडत नसत आणि समजूतही घालत नसत. डोळ्याला लावलेलं भिंग उतरवून ठेवायचे, पत्त्यांचा कॅट टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "डावावर सोडा." खिडकीजवळची खाट कोणाची, एकुलती एक सायकल आज कोणी न्यायची, हे सगळं पोकरच्या एका डावावर ठरायचं. पाच पानं, एकदा पानं बदलायची संधी, आणि मग बोली. बाबा घड्याळजी होते, त्यामुळे निकामी घड्याळांच्या तबकड्या हेच आमचे पैसे. पांढरी तबकडी एकाची, काळी पाचाची. एकदा डाव लागला की रडारड नाही आणि फेरविचार तर नाहीच नाही.

एक नियम मात्र बाबा फार जपायचे. समोरच्यानं आपल्याइतक्याच तबकड्या पुढे सारल्या, तर दोघांनी पानं उघडायची. पण समोरच्यानं हार मानून पानं टाकली की विषय संपला. मग जिंकलेल्याची काय आणि हरलेल्याची काय, सगळी पानं पालथीच गड्डीत जायची. "बघायचं असेल तर किंमत मोजा," बाबा म्हणायचे. "आणि जिंकल्यावर पानं उलटी करून दाखवतो ना, तो माणूस एकाच डावात दोनदा जिंकायला बघत असतो. त्याला जरा जपूनच राहावं."

माझा धाकटा भाऊ नेमका तसला. पण त्याच्यावर दाखवायची वेळच यायची नाही, कारण थाप मारायला गेला की त्याचे कान लालबुंद व्हायचे. बाबा हसून म्हणायचे, "हा पत्ते हातात धरतो आणि कानांनी वाचून दाखवतो." बिचारा रडकुंडीला यायचा. बाबांना एकदा तरी चकवायचं, त्यांच्या तोंडून एकदा तरी 'शाबास' ऐकायचं, ही त्याची लहानपणापासूनची हौस. आज तो सोफ्यांच्या दुकानात सेल्समन आहे आणि चांगलं कमावतो. तिथे गिऱ्हाईक कानांकडे बघत नाही म्हणून बरं.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहिले. त्यांना एकटं राहायला आवडायचंही. मग त्यांचे डोळे गेले. सगळे नाही गेले. मधलं दिसेनासं झालं आणि कडेकडेचं राहिलं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसायचे, चपला दिसायच्या आणि चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून पानं ओळखणारा माणूस, त्याला आता तोंडंच दिसेनात. त्यातच एकदा शेगडीजवळचा टॉवेल पेटला आणि शेजाऱ्यांना दार तोडावं लागलं. बाबांनी यापुढे एकटं राहायचं नाही, हे त्या दिवशीच ठरलं. कोणाकडे राहायचं, तेवढं ठरायचं होतं.

आम्ही दोघं बहीणभाऊ बाबांच्या स्वयंपाकघरात उभे राहून भांडलो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. काय ही अक्कल! ज्याचे डोळे जातात त्याचे कान दुप्पट होतात, हे माझ्यासारख्या, दवाखान्यात रक्ताचे नमुने घेणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

"तुझं घर तळमजल्यावर आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे तीन जिने. त्यांना चढउतार कसं जमायचं?"

"आणि माझ्याकडे खोली कुठाय, ताई? दोन पोरं, दोघांच्या परीक्षा. हिची नोकरी. दिवसभर घराला कुलूप."

"मी पहाटे बाहेर पडते. सासूबाईंचंच करता करता नाकी नऊ येतात माझ्या."

"पण तुझं बाबांशी पटतं."

"पटतं म्हणून मीच का? तू नाही का त्यांचा कोणी?"

असं चाललं होतं आमचं. गरम बटाटा हातात ठरू नये, तसं आम्ही बाबांना इकडून तिकडे टाकत होतो. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. बाबा आत आले, चाचपडत नळ बंद केला आणि म्हणाले, "पाणी वाया जातंय. चला, डावावर सोडा."

धाकट्यानं टेबलाजवळ खुर्च्या ओढल्या.

"हरेल त्याच्या घरी मी," बाबा म्हणाले आणि हसले. आम्हीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. बाबांनी पत्ते पिसले. त्यांच्या बोटांना डोळ्यांची गरज कधी नव्हतीच. पानं पूर्वीसारखीच भराभर सुटत होती. ते स्वतः खेळणार नव्हते, फक्त वाटणार होते. दोघांपुढे त्यांनी सारख्याच तबकड्या ठेवल्या. काळ्या कुठल्या आणि पांढऱ्या कुठल्या, ते त्यांनी प्रत्येक तबकडी डोळ्याच्या कडेशी धरून बघितलं.

मला दोन राण्या आल्या. बाकीची तीन पानं बदलली, त्यात आणखी एक राणी. तीन राण्या! लहानपणी अशी पानं आली असती तर मी टेबलाखाली पाय आपटले असते. धाकट्यानंही तीन पानं बदलली आणि पंखा करून छातीशी धरली. बोली सुरू झाली. दोन पांढऱ्या, चार पांढऱ्या, एक काळी. मग त्यानं एक श्वास घेतला आणि समोरच्या सगळ्या तबकड्या एकदम मध्ये सारल्या.

"सगळं," तो म्हणाला. आवाज अगदी थंड होता. सोफे विकून तेवढं तरी शिकला होता.

मी त्याच्या कानांकडे बघितलं. लालबुंद.

त्याच्याकडे काही नव्हतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. मी माझ्या तबकड्या पुढे सारायच्या, पानं उघडायची आणि बाबा त्याच्या घरी जायचे, इतकं सोपं होतं ते. मी जिंकलेच होते. मग माझी नजर बाबांवर गेली. ते मान तिरकी करून बसले होते. आधी माझ्या दिशेला, मग त्याच्या दिशेला, मग पुन्हा माझ्या. आमचे चेहरे शोधत होते ते. दोन करड्या डागांमधून आपल्या पोरांचं तोंड कुठे सापडतंय का बघत होते. जिने गेले खड्ड्यात, मी मनात म्हटलं. सासूबाईंच्या खोलीत आणखी एक खाट मावेल, नाही मावली तर मी खाली झोपेन. हा माणूस मला माझ्या घरी हवा होता. मला तो आधीपासूनच हवा असणार, पण कळलं मात्र तेव्हा.

मी पानं टाकली. नियमाप्रमाणे, पालथी.

उघडी का नाही टाकली? तीन राण्या टेबलावर ठेवून 'बाबा, माझ्याकडे चला' असं का नाही म्हटलं? तेव्हा मनात आलं की उघडी टाकली तर धाकट्याचा पोपट होईल. थाप पकडली गेली, वर ताईनं उपकार केले, असं होईल. दुसरं म्हणजे सवय. आणि खरं सांगायचं तर तिसरंही एक होतं. मला वाटलं, बाबांना कळेलच. आजवर माझं कुठलं पान त्यांच्यापासून लपलं होतं? माझा चेहरा ते वाचतील, याची मला इतकी खात्री होती की त्यांना तो दिसतच नाही, हे मी विसरून गेले.

आणि तेवढ्यात धाकट्यानं घोळ घातला.

"बाबा!" तो उठूनच उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, आवाज दहा वर्षांच्या पोराचा. "बाबा, हे बघा! काही नव्हतं माझ्याकडे. जोडीसुद्धा नव्हती! साफ फसवलं की नाही ताईला?"

त्यानं पाचही पानं उलटी करून बाबांच्या हातात दिली. शाबासकी हवी होती त्याला, बाकी काही नाही. पणाला काय लागलंय, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. त्याच्यापुरता तो नुसता एक डाव होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची थाप पचली होती.

बाबांनी एकेक पान डोळ्याच्या कडेशी धरलं. दुर्री. पंजी. सत्ती. नव्वी. गुलाम. घाई न करता, घड्याळाचं चाक तपासावं तसं प्रत्येक पान बघितलं. चांगली पानं येऊन तो जिंकला असता, तर बाबांनी नशिबाला बोल लावला असता. पण हातात काही नसताना माणूस सगळं पुढे सारतो, तेव्हा त्याला जिंकायचंच असतं. हे बाबांनीच शिकवलं होतं आम्हाला. आपल्याला घरी न्यावं लागू नये म्हणून पोरानं जिवाचा किती आटापिटा केला, ते बाबा एका पानाकडून दुसऱ्या पानाकडे जात वाचत होते.

"मस्त खेळलास," बाबा म्हणाले. "शाबास."

तेव्हा कुठे धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मटकन खाली बसला. त्याचे कान पांढरेफटक झाले, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

बाबांनी हात फिरवून माझी पानं शोधली. ती पालथी पडली होती. त्यांनी पाचही पानं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि थोडा वेळ हातात तशीच धरली. नुसतं मनगट वळवायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, एकदा बघा, एकदा नियम मोडा. पण बाबांनी नियम कधी मोडला नव्हता. त्यांनी माझ्या राण्या गड्डीत सरकवल्या आणि पत्ते पिसून टाकले.

"चला," ते म्हणाले, "ताई हरली. तीन जिने तर तीन जिने."

बाबा आमच्याकडे आले. सासूबाईंशी त्यांचं चांगलं जमलं. दोघं मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत. पण त्यांची बॅग काही रिकामी होईना. कपडे तिच्यातून काढायचे, धुवून आले की घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. पंखा लावायचा तर विचारून लावायचे. मी कामावरून दमून आले की ते खुर्ची आणखी कोपऱ्यात सरकवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुम्ही काय पाहुणे आहात का?" तर म्हणाले, "नाही गं. पाहुण्याला बोलावलेलं तरी असतं." हे ते हसत बोलले होते, म्हणून मला भांडताही येईना.

धाकटा रविवारी फळं घेऊन यायचा. बाबा त्याच्याशी गोड बोलायचे. एकदा मी त्याला खाली सोडायला गेले, तर दुसऱ्या जिन्यावर तो थांबला.

"ताई, मी ती पानं का गं दाखवली?"

"मला काय विचारतोस? तुला कोणी सांगितलं होतं दाखवायला?" मी फाडकन बोलले.

"मला वाटलं, शाबास म्हणतील."

"म्हणाले की."

तो कठड्याला टेकला आणि तिथेच रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. पण मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. त्यानं दाखवू नये ते दाखवलं होतं आणि मी दाखवायचं ते झाकलं होतं. जिन्यावर आम्ही दोघं सारखेच कंगाल होतो.

बाबांना सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज पुढे ढकलायचे. शेवटी एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. बाबांची दृष्टी आता कडेनंही फारशी उरली नव्हती. ते खाटेवर बसून कॅट हातात खेळवत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"बाबा, त्या दिवशी माझ्याकडे तीन राण्या होत्या."

पत्ते थांबले.

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"आपला डाव झाला त्या दिवशी. त्याचे कान लाल झाले होते. तो थाप मारतोय हे मला दिसत होतं. मी जिंकले होते, बाबा. मी मुद्दाम पानं टाकली. तुम्ही माझ्याकडे यावं म्हणून."

बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण माझ्या कानाच्याही बरंच पलीकडे कुठेतरी बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझ्या ओळखीचं, प्रेमळ हसू. लहानपणी डाव हरून मी फुरंगटून बसले की ते असंच हसायचे.

"टाकलेली पानं सगळ्यांचीच भारी असतात, पोरी," ते म्हणाले.

मी ओरडून सांगणार होते. शपथ घेणार होते. पण राण्या केव्हाच पिसून गेल्या होत्या, दाखवू काय? बाबांनी चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर हळूहळू थोपटलं. हरलेल्याची समजूत काढतात, तसं.