मानेवरची रेघ

मी प्रयोगशाळेतला एक जुना चंबू आहे, मित्रांनो, अडीचशे मिलीचा. माझ्या लांब मानेवर एक बारीक रेघ कोरलेली आहे. पाणी त्या रेघेला टेकलं की आत बरोबर अडीचशे. जन्मल्यापासून मला एवढंच येतं.

१९९३ साली मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात आलो. चार वर्षं रोज नवे हात मला धुवायचे, भरायचे, डोळ्यासमोर धरून रेघ बघायचे. त्यातलीच एक बारावीची सुवर्णा, मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी. तिने कॉस्टिक सोड्याच्या एक मोलर द्रावणाचे पंचवीस मिली माझ्यात ओतले, रेघेपर्यंत पाणी भरलं आणि वहीत लिहिलं: द्रावण दहापट पातळ, म्हणून सामू, म्हणजे पीएच, चौदाचा एक पूर्णांक चार.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लताबाईंनी वही पाहिली. "अगं, पाणी घातल्यावर सोड्याचं आम्ल झालं होय?"

"चौदाला दहाने भागलं, बाई."

"भागायची ती संहती, द्रावणाची तीव्रता. ती दहापट उतरली की सामू एकानेच उतरतो. तेरा लिही."

"एवढं पाणी घालून एकच?"

"एकच. चिवट असतो तो."

सुवर्णाने तेरा लिहिलं. घरी फवारणीचं उरलेलं औषध कुणी ओतून देत नसे, झाकण घट्ट लावून ठेवत. तिनेही तेच केलं. काचेचं बूच दाबून बसवलं, द्रावणाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि मला कपाटात ठेवलं.

सोडा काचेला हळूहळू खातो आणि बूच मानेला चिकटवून टाकतो. पंधरा दिवसांनी बूच हलेना. लताबाई प्रयोगशाळेतल्या भिकनमामांवर संतापल्या, "साधी धुवायची कामं होत नाहीत तुमच्याकडून?" वही द्यायला आलेली सुवर्णा दारातच उभी होती. वही टेबलावर ठेवून ती निघून गेली. मामांनी बूच एकदा पिळून पाहिलं. त्यांनी मला सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं.

तिथे मी दहा वर्षं होतो. खालून भांड्यांचे आवाज यायचे, नवे चंबू यायचे. माझ्या रेघेकडे कुणी पाहिलं नाही.

२००७ मध्ये सुवर्णा त्याच कॉलेजात शिकवायला आली. कपाट आवरताना मी तिच्या हाती लागलो. तिने चिठ्ठीवरची धूळ पुसली.

"मामा, हे मी ठेवलं होतं."

"ठाऊक हाय ना. अक्षर तुझंच हाय."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"परीक्षा चालू होती तुझी. आन् बाईंचं ऐकायची मला लय सवय."

तिने माझ्या मानेवर गरम पाण्याचं फडकं धरलं, लाकडाने हलकेच ठोकलं. बूच निघालं नाही. मग तिने नवी चिठ्ठी लावली, 'ही चूक माझी. सुवर्णा', आणि मला मुलांच्या टेबलावर ठेवलं. मामा ती चिठ्ठी पुसायच्या फडक्याने दोनदा सारखी करून गेले.

आता मुलं मला पाहतात, पण भरत नाहीत. आतलं तेरा अजून तेराच आहे का, मलाही कळत नाही. मोजायला आत कुणी येऊ शकत नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, काम झालं की आम्हाला रिकामं करा, धुवा, बूच वेगळं ठेवा. आणि काही चुकलंच, तर त्याच दिवशी सांगा. तेव्हा बूच सैल असतं.