रविवारचा रंधा

"तक्रार कोणाची आहे?"

दारात हे उभे होते. सकाळचे अकरा वाजले होते. काखेत खात्याची लांब वही, कानावर पेन्सिल. दोन तासांपूर्वी याच दारातून डबा घेऊन गेलेला माणूस आता उंबऱ्याबाहेर परक्यासारखा उभा राहून मला विचारत होता.

"माझी," मी म्हटलं.

"आत येऊ का?"

"अहो, हे काय चाललंय? स्वतःच्या घरात यायला विचारताय?"

"मी कामावर आहे. काय तक्रार आहे तुमची?"

छत्तीस वर्षांच्या संसारात यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

हे आत आले आणि आधी दार उघडून बंद केलं. परत उघडलं, परत बंद केलं. कुठल्याही घरी पाहणीला गेले की यांचं पहिलं काम हेच. म्हणायचे, घर कुठल्या बाजूला बसतंय ते माणसांच्या आधी दाराला कळतं. आमचं दार चौकटीला वरच्या कोपऱ्यात घासत होतं. ते मला गेले सहा महिने माहीत होतं. यांनाही माहीत असणारच, पण आज त्यांनी ते वहीत लिहिलं.

हे शहराच्या झाडांच्या खात्यात पाहणी अधिकारी होते. अधिकारी म्हणजे खुर्चीत बसणारे नव्हेत, उन्हातान्हात सायकलवरून गल्ल्या पालथ्या घालणारे. आमच्या भागातली माती काळी, चिकट. पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसते. जुन्या घरांचे पाये जेमतेम हातभर खोल. रस्त्याकडेची झाडं मोठी झाली की उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतात, माती खाली बसते आणि तिच्याबरोबर घराचा तो कोपराही बसतो. मग भिंतीला तडे. यावर खात्याची एक रीत होती. दर तीन वर्षांनी, ऊन तापायच्या आधी झाडाचा माथा तिसऱ्या हिश्शानं कमी करायचा. पानं कमी, तर तहान कमी. आणि तड्यावर एक पातळ काचपट्टी आडवी लावायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये बसवून, बाजूला तारीख लिहून. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. "तडा रंगानं झाकता येतो, काच झाकता येत नाही," असं हे म्हणायचे. गावभर यांना 'काचवाले' म्हणत.

अशा माणसाच्या घरातून त्याच्याच खात्याकडे तक्रार गेली होती. दारापुढचं झाड मुळासकट काढा, म्हणून. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या होत्या. अर्ज समोरच्या वकीलबाईंनी लिहिला होता आणि पहिली सही माझी होती. यांना घरी सांगायचं धाडस मला झालं नाही. माझी सही यांनी थेट ऑफिसच्या टेबलावर पाहिली. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून साहेबांना विनवलं, तर साहेब म्हणाले, तुमचं घर तुम्हीच बघा.

मी सही का केली, ते सांगते. आमच्या लेकीला मूल होऊन पाच महिने झाले होते. जावयांची बदली झाली होती आणि नवी जागा मिळेपर्यंत ती बाळाला घेऊन आमच्याकडे राहणार होती. द्यायला एकच खोली होती, रस्त्याकडची. तिथल्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तडा गेला होता. वरच्या बाजूला माझं बोट आत जायचं. पाळणा लावून ठेवला, छोटी उशी ठेवली आणि दुपारी बघते तर उशीवर ताटाएवढा गिलाव्याचा पोपडा पडलेला. बाळ यायला आठवडा होता. मी तो पोपडा उचलला, तशीच समोर गेले आणि वकीलबाईंना म्हटलं, "द्या तो कागद."

यांनी तडा मोजला. जुनी काच तडकून तिचे दोन तुकडे झाले होते. मग वहीतून मान वर न काढता विचारलं, "शेवटची छाटणी कधी झाली?"

मी पाळण्यातली उशी झटकू लागले.

"कधी झाली?"

"आठ वर्षं झाली," मी म्हटलं. "माहीत असून काय विचारताय?"

कारण मधल्या दोन्ही छाटण्या मीच चुकवल्या होत्या. पहिल्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची खाट खिडकीशी होती आणि दिवसभर त्या झाडाच्या पानांकडे बघत पडायच्या. छाटणीवाले शिडी घेऊन आले, मी त्यांना चहा पाजला आणि मुकादमाला म्हटलं, "दादा, यंदा राहू द्या, म्हाताऱ्या माणसावर ऊन येईल." अधिकाऱ्याच्या घरचा शब्द म्हणून तो शिडी उचलून गेला. तीन वर्षांनी परत आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. पण मला सावलीची सवय झाली होती. परत चहा पाजला, परत पाठवलं. दोन्ही वेळा यांना संध्याकाळी सांगितलं. दोन्ही वेळा हे नुसतं "बरं" म्हणाले.

यांची पेन्सिल चालू होती. मला उलटं वाचता येतं. वहीत लिहिलं होतं: 'छाटणी दोन वेळा चुकली. कारण: पाहणी अधिकाऱ्याच्या घरून कामगारांना परत पाठवले. अधिकाऱ्यास ते ठाऊक होते.'

"अहो, हे कशाला लिहिताय? चार महिने राहिलेत नोकरीचे!"

"म्हणूनच. नंतर लिहायला वही मिळायची नाही."

"त्यापेक्षा झाड काढून टाका ना एकदाचं. तुम्हीही सुटाल, भिंतही सुटेल."

यांनी वही मिटली. माझ्याकडे पाहिलं आणि पाहणी संपली असावी, कारण म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर चल."

दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी हे पिशवी घेऊन बाहेर पडायचे. मला वाटायचं, वाचनालयात जातात. त्या रविवारी बरोबर चालताना पिशवीत काहीतरी जड हलताना दिसलं. "पुस्तकं एवढी जड?" मी विचारलं. यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

चार गल्ल्या पलीकडे एका बैठ्या घराशी थांबलो. दार आतून कुणीतरी ओढत होतं, ते काही उघडेना. यांनी बाहेरून खांदा लावला. आत सत्तरीच्या एक शिक्षिकाबाई उभ्या होत्या, केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र अजून वर्गातला.

"या सुतारबुवा. आणि ही कोण, मंडळी वाटतं? एकोणीस वर्षांनी आणलीत होय!"

मी आत पाऊल टाकलं आणि अडखळले. फरशी मधोमध वर आली होती, झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी. कपाटाच्या दोन पायांखाली लाकडाचे ठोकळे होते. भिंतीचे तडे आमच्यासारखे वर रुंद नव्हते, खाली रुंद होते.

"बघतेस काय? बैस," बाई म्हणाल्या. "यांनी काही सांगितलेलं दिसत नाही. या भिंतीशी एक झाड होतं, घराच्याही आधीचं. तडे जायला लागले तशी मी यांच्या खात्यात रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. हे म्हणायचे, थोडं थोडं कमी करू, दहा वर्षं लागतील. मी म्हटलं, मला तुकड्यातुकड्यानं नको, झाडच नको. शेवटी कंटाळून यांनी सही केली. एका दिवसात झाड गेलं. पुढच्या वर्षी तडे बुजले! मी तर यांना शाळेत बोलावून मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या."

"आणि मग?"

"मग दार अडकायला लागलं. मग फरशी उचलली. इतकी वर्षं ते झाड मातीतलं पाणी पीत होतं ना. पिणारं गेलं, पाणी मातीतच राहिलं. माती फुगत राहिली, अजून फुगतेय."

"मला कळायला हवं होतं," हे म्हणाले. पिशवीतून रंधा काढून हे जमिनीवर बसले होते.

"हट्ट माझा होता."

"सही माझी होती."

"ऐकलंस?" बाई मला म्हणाल्या. "एकोणीस वर्षं हाच पाढा चाललाय आमचा."

यांनी दार बिजागरीतून उतरवलं, आडवं ठेवलं आणि खालच्या कडेवर रंधा फिरवू लागले. गुडघे दुखायचे यांचे. घरी पाटावर बसायलाही कुरकुर करायचे. इथे अर्धा तास बसून होते. लाकडाच्या पातळ ढलप्या माझ्या पायाशी येऊन पडत होत्या. मी त्या ओंजळीत गोळा करत राहिले, दुसरं काय करणार? मग दार लावलं. एकदा उघडलं, बंद केलं. परत उघडलं, परत बंद केलं.

परत येताना मी म्हटलं, "मी माझी सही मागे घेते."

"का? तडा खोटा आहे? तक्रार खरी आहे तुझी. उपाय चुकीचा मागितलास, एवढंच."

बाळ यायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतली मंडळी आमच्या अंगणात जमली. वकीलबाई तावातावानं बोलल्या. "काका, झाडाचं प्रेम समजतं हो. पण उद्या भिंत नातीच्या डोक्यावर आली तर काय झाडाला कोर्टात उभं करायचं?"

"पाळणा आजच आमच्या मागच्या खोलीत नेलाय, आम्ही दोघं पुढे झोपू," हे म्हणाले. "परवा झाडाचा तिसरा हिस्सा उतरेल. येत्या पावसात माती फुगून तडा मिटेल, तो मोजायचा नाही; मग नवी काच लावतो. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी काच बघायची. तडकली, तर झाड काढा. तेही टप्प्याटप्प्यानं."

"तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल. मग आम्ही कुणाला धरायचं?"

"म्हणून आत्ताच लिहून दिलंय." आणि यांनी वही उघडून सगळं वाचलं. घरून कामगारांना परत पाठवले, अधिकाऱ्यास ते ठाऊक होते, इथपर्यंत.

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही?"

"दोन्ही वेळा," मी म्हटलं. "वर चहा पाजून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मग वकीलबाईही हसल्या. अर्ज त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला मात्र नाही.

त्या वहीतल्या तीन ओळींपायी यांना खात्याकडून लेखी ताकीद आली, निवृत्तीला पंधरा दिवस असताना. निरोपाच्या वेळी साहेब दोन मिनिटं बोलले आणि गाडीत बसून गेले. हे सायकल हातात धरून चालत घरी आले. म्हणाले, "वही मागितली होती, नाही दिली. बरोबर आहे, खात्याची आहे."

पुढचा उन्हाळा मला आजही दिवसागणिक आठवतो. छाटलेलं झाड बोडकं दिसायचं. उन्हानं पुढची खोली भट्टीसारखी तापायची आणि मी तोंडातून ब्र काढत नव्हते. रोज सकाळी उठलं की आधी काचेकडे नजर. नात आता चालायला लागली होती. सगळे तिकडे बघतात म्हणून तीही भिंतीकडे बोट करायची. उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी वकीलबाई चष्मा लावून आल्या, काचेवर नख फिरवलं आणि म्हणाल्या, "अखंड आहे हो, काका." ती काच वीस वर्षांनंतरही तिथेच आहे. झाडही आहे. दर तीन वर्षांनी छाटणीवाले येतात. चहा मी देते, पण काम झाल्यावर.

हे गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत चालते-फिरते होते. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी पिशवी घेऊन बाहेर पडायचे. मी कधी परत बरोबर गेले नाही. ते त्यांचं होतं.

महिनाभरानं खुंटीवरची पिशवी माझ्या नजरेस पडली. रंधा आतच होता. रंधा मला चालवता येत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी एक सुतार बसतो, त्याला पुढच्या वेळी नेऊ, आधी दार किती अडकतंय ते बघून येऊ, असं म्हणून मी रविवारी निघाले.

शिक्षिकाबाईंनी नव्वदी ओलांडली होती. खुर्चीतूनच म्हणाल्या, "ढकल, उघडंच आहे."

मी ढकललं. दार एका बोटानं उघडलं.

"अडकत नाही?"

"नाही गं. माती शांत झाली. सहा वर्षं झाली त्याला."

"मग हे काय करायचे इथे येऊन?"

"काय करणार? पिशवी तिथे कोपऱ्यात ठेवायचे. दार बघायचे. मग चहा घ्यायचे आणि आमचा पाढा म्हणून जायचे."

इतक्या वर्षांच्या रंध्यानं दार खालून बरंच तोकडं झालं होतं. खाली दोन बोटं फट होती आणि तिच्यातून उन्हाची एक लांब पट्टी त्या वर आलेल्या फरशीवर चढून पलीकडे उतरली होती.

मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. दार बंद केलं, उघडलं. परत बंद केलं, परत उघडलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता बैस."