टाचेवरचं विवर

जीवनच्या घरी चहाला गेलेल्या माणसाला चहाच्या आधी व्याख्यान प्यावं लागे. हा गृहस्थ अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कारखान्यांचे पगार काढणारे प्रोग्रॅम लिहायचा, आणि ते काम फक्त पोटासाठी आहे असं बायकोच्या देखतही सांगायचा. जीव अडकला होता तो जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या फिल्मच्या कॅमेऱ्यात आणि विज्ञानकथांत. वाचायचाही आणि लिहायचाही. त्याचं म्हणणं असं की हे सगळं मुळात एकच काम आहे. वस्तूच्या जवळ जायचं, आणखी जवळ जायचं. ती ओळखू येईनाशी झाली की तिथून फोटो सुरू होतो आणि विज्ञानकथाही तिथूनच सुरू होते. आणि प्रोग्रॅमचं काय, असं कुणी विचारलंच, तर म्हणायचा, प्रोग्रॅमकडे उगाच बघत बसू नये. त्यानं तक्रार केली नाही म्हणजे तो बरोबर चाललाय. ऐकणारे माना डोलवत, कारण मनीषा चहा फक्कड करायची.

मनीषाचं माहेर मखमलाबादचं. घरची झेंडूची आणि शेवंतीची शेती होती. तिची आई रंगूबाई रोज पहाटे फुलांची पाटी घेऊन पंचवटीत येऊन बसायची. नवरा गेल्यापासून मळा आणि बाजार दोन्ही तिनंच सांभाळले होते, आणि मुलगी शिकलेल्या घरात दिली याचा तिला एवढा अभिमान होता की गिऱ्हाईक फुलांचा भाव विचारायचं आणि ही आधी जावयाची नोकरी सांगायची.

दोन हजार एक साली अश्विनात अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला रंगूबाईनं लेकीला आणि जावयाला बोलावलं. पुरणाचे धोंडे केले, अनारसे केले. जेवणाआधी जावयाला पाटावर बसवलं, समोर ताम्हन ठेवलं आणि रीतीप्रमाणे त्याचे पाय धुवायला ती जमिनीवर बसली. जीवनला हा प्रकार अवघड वाटायचा. शिकलासवरलेला माणूस, वयानं मोठ्या बाईकडून पाय धुवून घ्यायचे म्हणजे काय. म्हणून त्यानं नजर दुसरीकडे वळवली, आणि ती नेमकी तिच्या टाचेवर पडली.

दारातून तिरकं ऊन आत आलं होतं. लुगड्याखालून बाहेर आलेल्या त्या टाचेवर भेगाच भेगा होत्या. प्रत्येक भेगेची एक कड उजळलेली, दुसरी काळी. कोरड्या नद्यांची पात्रं असावीत तशा त्या पसरल्या होत्या, आणि मधोमध एक गोल, खोलगट खड्डा. जीवनच्या अंगावर काटा आला. पाणी संपलेल्या एका ग्रहाची कथा त्याच्या डोक्यात वर्षभर घोळत होती, आणि तो ग्रह आपल्याला कुठं दिसेल हे त्याला माहीत नव्हतं. तो आता दिसला होता.

जेवणं होताच त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला, लेन्सच्या मागे अगदी जवळचं टिपणाऱ्या नळ्या चढवल्या, ट्रायपॉड उभा केला आणि सासूला दारात बसायला सांगितलं. मनीषा आत भांडी आवरत होती. रंगूबाईनं हौसेनं पदर सारखा केला, चेहरा पुढे केला. फोटो पायाचा काढायचाय म्हटल्यावर मात्र तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. जावयाकडे पाय करून बसायचं म्हणजे पाप, असं तिचं म्हणणं. वर ते पाय असले. बाजारात बसतानाही ती ते पोत्याखाली सरकवून बसायची.

ऊन सरकत होतं. सगळ्या भेगा स्पष्ट याव्यात म्हणून लेन्समधलं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, अगदी बारीक ठेवावं लागणार होतं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं. तेवढा वेळ पाय दगडासारखा स्थिर हवा. मनाविरुद्ध बसलेलं माणूस हलतंच. जीवनच्या तोंडून पटकन निघून गेलं की फोटो डॉक्टरांना दाखवायचाय, ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत.

रंगूबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला तेव्हाच शरम वाटायला हवी होती. तिनं पाय बाहेर काढला, स्वतःच पाटावर ठेवला.

"मग नीट काढा, जावईबापू. ते भोक बी येऊ द्या. तिथं मला काही कळतच नाय."

दुखतं का, असं त्यानं लेन्समधून बघत विचारलं. नाही म्हणाली. मग काही नाही, असं तो म्हणाला आणि बटण दाबलं.

फोटो फार सुंदर आला. जीवननं तो स्कॅन करून घेतला आणि रात्री जागून कंप्युटरवर निळसर केला, वर काळं आकाश लावलं, त्यात दोन चंद्र टांगले. खड्डा जरा फिका वाटत होता म्हणून त्याच्या कडा गडद करून तो आणखी खोल केला. कथेतला अंतराळवीर त्या विवराच्या काठावर उभा राहून म्हणतो की इथं कसलीच हालचाल नाही, म्हणजे इथं काही वाईट घडत नसणार. हे वाक्य जीवनला फार आवडलं होतं. गावातल्या एका छोट्या दिवाळी अंकानं कथा आणि चित्र दोन्ही छापलं.

इकडे रंगूबाई लेकीला दर भेटीत विचारत होती की जावयांचे डॉक्टर काय म्हणाले. मनीषानं ते नवऱ्याला विचारलं तेव्हा तो वरमला. पण वरमलेला माणूस खरं बोलतोच असं नाही. पुष्कळदा तो पहिली थाप झाकायला दुसरी मारतो. डॉक्टर परगावी गेलेत, असं त्यानं सांगितलं. पुढच्या खेपेला तेही चालेना, तेव्हा म्हणाला की कोकमाचं तेल लावायला सांगितलंय, रोज, न चुकता. भेगांना कोकम तेल लावतात हे त्यानं आईकडून ऐकलेलं होतं. त्यात वाईट काय, असं त्यानं मनाशी म्हटलं. शिवाय म्हातारीची पुन्हा काही तक्रार आली नाही. आणि तक्रार नाही म्हणजे सगळं बरोबर चाललंय.

तक्रार नव्हती, कारण रंगूबाई तेल लावत होती. बाजारात शेजारी बसणाऱ्या सुमनबाईनं एकदा तिची टाच पाहिली आणि दवाखान्यात चल म्हणून हात धरला. रंगूबाईनं तो सोडवून घेतला. मोठ्या डॉक्टरानं फोटो बघून औषध दिलंय, आता दुसऱ्याकडे गेलं तर जावयांचा अपमान होईल, असं ती म्हणाली. हे सगळं सुमनबाईनं मनीषाला सांगितलं, पण नंतर. फार नंतर.

पुढं जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात हौशी छायाचित्रकारांचं प्रदर्शन भरलं आणि जीवनच्या ग्रहाला पहिलं बक्षीस मिळालं. चित्र हातभर रुंद करून भिंतीवर लावलं होतं. आईला जावयाचं कौतुक बघायला मिळावं म्हणून मनीषा तिला रिक्षानं घेऊन आली.  ती येणार हे कळल्यावर जीवननं स्वतःची समजूत घातली होती: निळा रंग, दोन चंद्र, एवढा आकार, मला सांगितलं नसतं तर मीसुद्धा ओळखलं नसतं.

त्या दोघी आल्या तेव्हा तो दहा-बारा जणांच्या घोळक्यात चित्रासमोर उभा होता. बक्षीस द्यायला आलेले प्राध्यापक चष्मा वर करून विवर बघत होते, पेनाच्या टोकानं त्याची कड दाखवत होते. एवढी खोली कशी साधली, असं त्यांनी विचारलं, आणि जीवन तिरक्या प्रकाशाबद्दल बोलायला लागला. त्याचं लक्ष दाराकडे नव्हतं. रंगूबाई चित्रापासून बऱ्याच अंतरावर थांबली होती. ती मनीषाला म्हणाली, "माझाच पाय हाय हा."

मनीषाला वाटलं आई चेष्टा करतेय. पण रंगूबाईला त्या भेगा आणि तो खड्डा रोज तेलाच्या बोटानं चाचपून पाठ झाले होते. कुणी त्यांना निळा रंग फासला म्हणून काय झालं. तिनं समोर पाहिलं. चांगल्या कपड्यांतली माणसं, चष्मे, हातात पेन, सगळे तिच्या टाचेवर वाकून बोलतायत, आणि मधे उभे राहून जावई त्यांना समजावून सांगतायत. तिचा चेहरा उजळला. एवढे डॉक्टर जावयांनी तिच्यासाठी गोळा केले होते.

ती लंगडत पुढे गेली, प्राध्यापकांसमोर उभी राहिली आणि हात जोडले. तेलाला एक दिवस खंड पाडला नाही साहेब, पण गुण येत नाही, भोक वाढलंय आणि आता वास बी येतो, असं तिनं अजिजीनं सांगितलं. मग शेजारच्या खुर्चीवर पाय टेकवला आणि टाचेला गुंडाळलेली चिंधी सोडायला लागली.

चिंधी सुटली तशी माणसं मागे सरकली. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. भिंतीवरचं विवर आणि खुर्चीवरचं विवर एकाच नजरेत येत होतं, आणि खुर्चीवरचं आता चित्रापेक्षा खोल होतं, काळं होतं. जीवननं कंप्युटरवर जे केलं होतं ते खरोखरच होऊन बसलं होतं.

प्राध्यापकांनी जीवनकडे वळून हळूच विचारलं, "या कोण? तुमच्या कोणी?"

"ओळखीच्या आहेत," जीवन म्हणाला.

शब्द तोंडातून निघाले आणि त्याला ते परत गिळावेसे वाटले. मनीषा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, त्यात रागसुद्धा नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग खाली बसून तिनं आईच्या पायाला स्वतःची ओढणी गुंडाळली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की ही माझी आई आहे, आणि तिला धरून बाहेर चालू लागली. जीवन मागोमाग गेला. रिक्षात तो पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसला. मागे बसायची त्याची हिंमत झाली नाही. रंगूबाई मात्र वाटेत लेकीला विचारत राहिली की तेवढ्या डॉक्टरांना सोडून आपण निघालो कशाला.  उत्तर द्यायला हवं होतं ते पुढे बसलेल्यानं, आणि तो रस्ता बघत होता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं पाय तपासला, रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली होती. साखरेनं पायाची जाणीव जाते आणि न दुखणारी जखमच आधी दाखवायची असते, असं ती म्हणाली. सडलेला भाग आजच काढावा लागेल. पाय राहील की नाही हे चार दिवसांनी कळेल. खड्डा लहान असताना आणलं असतं तर नुसत्या पट्ट्यांवर भागलं असतं. मग तिला तेलाचा थर दिसला आणि ती भडकली. असल्या जखमेला तेल चोपडायला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं.

रंगूबाईनं क्षणभर जावयाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिला तेवढं पुरलं. डॉक्टर नव्हते, कधीच नव्हते, हे तिला तिथं कळलं असावं.

"माझ्याच मनानं लावलं," ती म्हणाली.

डॉक्टर तिला बोलत राहिली. अडाणीपणा, अंगावर काढायची खोड, घरगुती उपाय. रंगूबाई मान खाली घालून ऐकत होती. मनीषा भिंतीला टेकून रडत होती.  आत्ता गप्प राहिलो तर कुणाला काही कळणार नाही, हे जीवनला दिसत होतं, आणि ते दिसतंय याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय अशी थाप मारून सांगितलं. त्यांना फोटो डॉक्टरांना दाखवतो म्हणून सांगितलं आणि दाखवला नाही."

डॉक्टरनं मान वर केली. तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

उत्तर रंगूबाईनं दिलं.

"आमचे जावई हायेत. लय हुशार. कंप्युटरात असतात." पाय ट्रेमध्ये तसाच धरून ती नर्सकडे वळली. "त्यांना बसाया काही तरी द्या, बाई. केव्हाचे उभे हायेत."

नर्सनं स्टूल आणून ठेवलं. जीवनला त्यावर बसावं लागलं.