पाठमोरा सत्कार

आमचे आबा, म्हणजे माझे वडील हंबीरराव, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सातारा-सांगलीतलं जत्रेचं एकही कुस्ती मैदान त्यांनी चुकवलेलं नाही. आणि एकाही मैदानाबद्दल ते चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. पैलवान सुस्त, पंच आंधळे, निवेदक तोंडाळ. दुसऱ्या खेळांचं तर नावच काढू नये. क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहायची ड्युटी. बैलगाड्यांच्या शर्यतीबद्दल म्हणायचे, "पळत्यात बैलं, आन् गुलाल माणसं लावून घेत्यात."

पण सगळ्यात जास्त राग त्यांना सत्काराचा. कुस्ती चालू असताना आखाड्यात शिरायचं, फेटा बांधून घ्यायचा, फोटोसाठी कोपरं मारत पुढं यायचं. अशा लोकांना आबा 'फेट्याची झाडं' म्हणत. "ह्यांच्या सावलीत कुस्ती वाळून जाती," हे वाक्य मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चैत्रातली जत्रा आली आणि आई मला म्हणाली, "पूजा, तू गाडीनं घेऊन जा त्यास्नी. न्हाईतर एकलंच एस्टीत चढतील." मी लग्न होऊन रहिमतपूरला असते, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. पस्तीस वर्षांची झाले, पण मैदान कधी पाहिलं नव्हतं. लहान असताना "बायकांचं काम न्हाई थितं" असं सांगून आबा मला दारातूनच परत पाठवायचे. आता त्यांना ड्रायव्हर हवा होता, म्हणून ते माझं काम झालं.

दुपारी चारला आम्ही मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो. खाली तांबडी माती, हलगीचा कडकडाट, एका वेळी तीन-तीन जोड्या लागलेल्या. मी विचारलं, "आबा, एकदम तीन कुस्त्या कशा बघायच्या?"

"शाळंत शिकवतीस आन् यवडं कळंना व्हय? ज्यात दम हाय ती बघायची."

दम कशात आहे हे कसं ओळखायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पुढचे दोन तास ते बोलत राहिले. हा खातो जास्त, तो पळतो जास्त, त्या पलीकडच्याला त्याच्या वस्तादानं माती खायला शिकवलंय. शेजारची माणसं मान डोलवत होती. कुणाची निंदा चालली असली की आपल्याकडं श्रोत्यांची कमी पडत नाही.

आबा आले होते शेवटच्या कुस्तीसाठी. तासगावकडचा विश्वजित आणि साताऱ्याच्या तालमीतला साईराज. विश्वजितचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. ती आबांनी फोनवर पाहिली होती, प्रत्यक्षात कधी नाही. "दोन वर्सं झाली, ज्या मैदानाला मी जातो थितं ह्ये बेनं बरोबरीत सुटतंय," ते म्हणाले. "आज बघितल्याबगार उठायचं न्हाई."

सलामी झाली. पहिली वीस मिनिटं दोघं नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून रेटत राहिले. लोक ओरडायला लागले. आणि हीच वेळ साधून जत्रेच्या कमिटीतल्या बाळासोंनी माइक घेतला. कुस्ती रेंगाळली की कमिटीला माणसं आठवतात. आमदारांचे कोण पाहुणे, कुठले माजी सरपंच, अशी तीन-चार नावं झाली आणि मग ऐकू आलं, "आपल्या भागातले जुने कुस्तीशौकीन, माजी सैनिक हंबीरराव, यांनी आखाड्यात यावं."

मी आबांकडं पाहिलं. वाटलं, आता काहीतरी जळजळीत ऐकायला मिळणार. आबांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि हातातली काठी माझ्याकडं दिली.

"बोलावत्यात तर न्हाई म्हणणं बरं दिसत न्हाई," ते म्हणाले.

"आवं आबा, कुस्ती चालू आहे."

"रेटत्यात नुसती. आलोच."

ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन त्या पायऱ्या ते ज्या वेगानं उतरले, तो वेग घरी कधी दिसला नव्हता. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो.

आखाड्याच्या कडेला त्यांना उभं केलं, तोंड कॅमेऱ्याकडं, पाठ पैलवानांकडं. फेटेवाल्यानं कापडाचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली. तिसरा फेर पडत असेल, तेवढ्यात त्यांच्या मागं दहा फुटांवर विश्वजितनं अंग वळवलं. साईराज हवेत गेला आणि पाठीवर आपटला. मला डावपेच कळत नाहीत, पण ते पाहताना मी कधी उभी राहिले, ते मलाही कळलं नाही.

सगळं मैदान उसळलं. टोप्या उडाल्या, हलगीवाले नाचत सुटले. आणि आबांनी हसून चारी दिशांना हात जोडले. त्यांना वाटलं, हा गजर आपल्यासाठीच आहे.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. लोक विश्वजितला खांद्यावर घ्यायला धावले, आबांना धक्का देऊन पुढं गेले, तेव्हा कुठं ते वळले.

वर आले तेव्हा फेट्याचा शेमला तोंडावर आला होता.

"निकाल लागला?"

"लागला."

"कोन?"

"विश्वजित."

"कुठल्या डावावर?"

"ते मला काय माहीत?"

त्यांनी माझा फोन मागितला. मैदानाचं लाइव्ह चाललंच होतं. आम्ही मागं जाऊन पाहिलं, तर पडदाभर आबाच. फेटा गुंडाळला जातोय, मागं गलका उठतोय, आबा हात जोडतायत. शेजारच्यांच्या फोनवर पाहिलं, तर त्यात सत्काराला आलेल्यांच्या पाठी आणि फेटे. विश्वजितचा एक पाय तेवढा एका क्लिपमध्ये दिसला, तोही हवेत.

गाडीजवळ दादासो काका भेटले. हे आबांचे फौजेतले जोडीदार, जत भागातले. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंब आहे. कुस्तीच्या वेळी ते समोरच्या पायऱ्यांवर बसले होते.

"काय गड्या, आज मैदानात दोन पाठी बघितल्या," ते शांतपणे म्हणाले. "येक त्या साईराजची मातीला लागल्याली. दुसरी तुजी."

"डाव कुठला हुता रं?" आबांनी विचारलं.

"मी न्हाई सांगायचा. आमाला फेटा कोन बांधतंय? तुज्या फेट्याला इचार."

काका निघून गेले. त्यांचं हसणं जरा वेळ ऐकू येत राहिलं. आबांनी फेटा काढून मागच्या सीटवर टाकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"तू बघितलीस न्हवं? दाव मला."

त्या धुळीत, सुटलेल्या माणसांच्या गर्दीत, मी माझ्या बापाचा हात काखेत दाबला. "असा धरला. मग असं अंग वळवलं, आणि हा पाय आडवा घातला."

"पाय आतनं का भाईरनं?"

"आतून."

"आन् त्येचा हात सुटला न्हाई?"

"नाही. आपटेपर्यंत धरलेला."

"ढाक," आबा म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "समोर ढाक बसली आन् तुला नाव सांगता आलं न्हाई. कसलं शिक्षान म्हणायचं हे."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण गुडघा धरून बसलेल्या माणसाला किती बोलणार? मी गाडी सुरू केली.

चार दिवसांनी मी माहेरी गेले, तर अंगणात पाच-सहा माणसं जमलेली आणि आबा ती कुस्ती सांगत होते. मान कशी दिली, हात कसा दाबला, श्वास कसा ऐकू येत होता.

"तुमी जवळच हुता व्हय?" शेजारचे कोंडीबा म्हणाले.

"धा फुटावं," आबा म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. "आन् मंग त्येनं उजवा पाय आतनं घातला."

मी चहाचे कप खाली ठेवले. "डावा होता, आबा."

माणसं माझ्याकडं बघायला लागली. मैदानातलं पोरीला काय कळतंय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. आबांच्या चेहऱ्यावरही ते क्षणभर आलं. मग त्यांनी कप उचलला, फुंकर मारली.

"डावाच," ते म्हणाले. "मी पाठमोरा हुतो. हिनं बघितलीया, हिलाच इचारा."

कुणीच विचारलं नाही. कोंडीबांनी पावसाचा विषय काढला. माणसं उठून गेल्यावर आबा कपात बघत म्हणाले, "तासगावला बुधवारी मैदान हाय. रजा टाक."