ताप नसलेल्या मुलांची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे आणि मी फार दमले आहे. खाटेला कसला आलाय थकवा, दिवसभर आडवीच तर असते, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर आडवे होताना तुम्ही दप्तर खाली ठेवता आणि मनातले ओझे सोबत घेऊन चढता. इतकी वर्षे ते पेलून माझे सांधे ढिले झाले आहेत. हल्ली कुणी नुसते टेकले तरी मी कुरकुरते.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, जोडल्या, वरून पांढरा रंग दिला. कारागिराने माझ्यावर उभे राहून उडी मारून पाहिली आणि म्हणाला, "हत्ती झोपला तरी मोडायची नाही." हत्ती काही आला नाही. माझ्या वाट्याला शाळा आली. ऑफिसशेजारची छोटी खोली, औषधांचे कपाट, भिंतीवर फोन आणि दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या सिस्टर, एवढाच माझा संसार.

सुरुवातीची वर्षे सोपी होती. फुटलेले गुडघे यायचे, तापाने फणफणलेली कपाळे यायची. पट्टी बांधली, आई न्यायला आली, काम झाले. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले, "माझ्यापेक्षा जास्त पोरं त्या खाटेनं सांभाळली." भिंतीपलीकडून मी ते ऐकले आणि पुढचे काही दिवस अजिबात कुरकुरले नाही.

मग ताप नसलेली मुले येऊ लागली. कुणाचे परीक्षेच्या सकाळी डोके दुखायचे, कुणाला खेळाच्या तासाआधी मळमळायचे. शाळेचा नियम सरळ होता: थर्मामीटर लावा, ताप असेल तर घरी, नसेल तर वर्गात. मोठ्या माणसांना साहेबांनी बोलावले की त्यांच्या पोटात गोळा येतो. पोराने पोट दुखते म्हटले की मात्र ती नाटके ठरतात.

अशातच एक मुलगी यायला लागली. शर्टाचे वरचे बटण सतत बोटांत फिरवत असायची, म्हणून मी तिला बटणच म्हणायचे. रोज मधल्या सुट्टीत तिचे पोट दुखायचे. सिस्टर पोट दाबून बघत, ताप बघत आणि शेवटी तिच्या घरी फोन लावत. पलीकडून आईचा आवाज आला की बटण उठून बसायची. "आता बरं वाटतंय. जाते मी वर्गात."

पहिल्यांदा सिस्टर हसल्या. रोजचेच झाल्यावर वैतागल्या. त्यांच्या मागे इतर पोरांची रांग असे. फोनवरचा आवाज ऐकून पोटदुखी कशी थांबते, हे बटणला विचारायला कुणाला सवड नव्हती. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिच्या वडिलांना बोलावले. वडील माझ्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "घरी तिला काही कमी नाही हो. लाड जास्त झालेत." मोठ्या बाई म्हणाल्या, "मग उद्यापासून फोन बंद. आणि ही खाटही हलवा. खाट दिसली की पोरांना आजार सुचतात."

माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. गादी काढून घेतली. मोडकी बाके, फुटका पृथ्वीगोल आणि पाठ तुटलेली एक खुर्ची हे माझे नवे शेजारी. खरे सांगते, मला बरेच वाटले. आता कुणी येणार नाही, स्वस्थ पडून राहू, असे मनात आले.

पण एके दिवशी मधल्या सुट्टीत दार किलकिले झाले. बटण आत आली, दार लावून माझ्या उघड्या पट्ट्यांवर आडवी झाली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती उठली नाही. थोड्या वेळाने बाहेर धावपळ सुरू झाली. शिपाईकाका फाटकापर्यंत जाऊन आले. तिच्या घरी फोन गेला. तिच्या नावाच्या हाका दारावरून जात होत्या आणि ती थरथरत पडून होती. ती थरथरली की मी कुरकुरायचे. जन्मात पहिल्यांदाच मला वाटले, आपण आणखी मोठ्याने कुरकुरावे.

माझी कुरकुर सिस्टरांच्या ओळखीची होती. त्यांनी दार उघडले. धावून त्यांना दम लागला होता. त्या पाठ तुटलेल्या खुर्चीवर मटकन बसल्या. रागावल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. मला वाटते, त्या शाळेत इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच बसल्या असतील.

बटण उठून बसली आणि म्हणाली, "आता फोन केला तर आई उचलेल?"

"उचलेल की. का नाही उचलणार?"

"तेव्हा नव्हता उचलला."

मग ती सांगत गेली. मागे एकदा ती शाळेतून घरी गेली तर दाराला कुलूप होते. शेजारच्या काकूंनी जेवायला घातले. आई मावशीकडे गेलीय, असे सगळे सांगत राहिले. ती काकूंच्या फोनवरून आईला फोन लावायची, कुणी उचलत नसे. काही दिवसांनी आई आली, आणि कुणी काही बोललेच नाही.

"सिस्टर, मावशीकडे गेल्यावर पोटाला टाके पडतात का?"

सिस्टरांनी दाराकडे पाहिले. दारात बटणची आई उभी होती. मुलगी सापडत नाही म्हटल्यावर हातातले काम टाकून आली होती. ती माझ्यावर बसली आणि तिने लेकीला जवळ घेतले. "माझं ऑपरेशन होतं गं. लहान आहेस, घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

"मी न सांगताच घाबरले," बटण म्हणाली. आईला रडू आवरेना.

मोठ्या बाईंनीच सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मी माझ्या जागी परत आले. सिस्टरांनी ती तुटकी खुर्चीही मागून घेतली आणि माझ्या उशाशी ठेवली. आता आधी खुर्ची, मग थर्मामीटर. बटणला रोज एक फोन करायची मुभा मिळाली. "घरीच आहे गं, कपडे वाळत घालतेय," एवढेच आई सांगायची. दवाखान्यात तपासणीला जायचे असेल तर ती आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. हळूहळू फोन कमी झाले.

सगळे आलबेल झाले असे मात्र समजू नका. ताप नसलेली मुले अजून येतात, पूर्वीपेक्षा जास्तच येतात. सिस्टर एकट्या आहेत. त्या कुणाचे तरी रक्त पुसत असतात आणि खुर्ची पुष्कळदा रिकामी राहते. अशा वेळी रडणारे मूल माझ्यावर असते आणि मी गप्प असते. मी लोखंडाची. मला पेलता येते, विचारता येत नाही.

काल असेच झाले. एक छोटा मुलगा भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. बटण सिस्टरांकडे पट्टी मागायला आली होती. तिने पट्टी खिशात टाकली आणि खुर्चीवर येऊन बसली. काय झाले, का रडतोस, काही विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कुणाला फोन लावायचाय का तुला?" मुलाने तोंड तिच्याकडे वळवले आणि हो म्हणून मान हलवली.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवी गादीही नको. तुमच्या शाळेत, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी खाट असेलच. तिच्याजवळची खुर्ची तेवढी हलवू नका. आणि जमेल तेव्हा त्या खुर्चीवर बसा.