अस्वलाचे मागचे पाय

धाकटीने जन्मभर जनावरंच घडवली. साठी उलटली तरी घरात ती धाकटीच. वडील गुरांचे डॉक्टर, त्यामुळे अक्षरं गिरवायच्या वयातच कुठलं हाड कुठे वळतं ते तिच्या बोटांना ठाऊक झालं होतं. तिने केलेलं पहिलं गाढव कुणी फुकटही नेईना. मग एका गिरणीच्या फाटकासाठी घोडा झाला, एका शाळेसाठी हरणांची जोडी, आणि हळूहळू तिचं नाव झालं. माणसांचे पुतळे करा म्हणून लोक मागे लागत. माणूस स्थिर बसतो, पण गप्प बसत नाही, असं म्हणून ती ते हसण्यावारी नेई.

बाकीचं सगळं ताईच्या गळ्यात. थोरली ताई शाळेत शिकवायची, घर बघायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. तिने लग्न केलं नाही की राहून गेलं, हे कुणी विचारलं नाही. धाकटीने तर नाहीच. नमुन्याला खरं जनावर आणलं की दोर धरायला ताईच. खेचर असो की वळू, ती मान वळवून भिंतीकडे बघत उभी राहायची. धाकटीला वाटे, कंटाळली असेल.

कलेतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ताईच सांगायची. पण मातीकाम होत आलं की ओले हात पुसत यायची, थोडा वेळ बघायची आणि म्हणायची, "उठेल हे." नाहीतर, "छे, याला उठता नाही यायचं." मग धाकटी मुकाट्याने मागचे पाय मोडून पुन्हा करायला घ्यायची.

नव्या बागेसाठी बसलेलं अस्वल करायचं होतं. ते अर्धं झालं असताना ताई गेली. सकाळी चहा ठेवायला म्हणून आत गेली, ओट्याशी खाली बसली, ती बसलीच. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. धाकटीने मान डोलावली. माणसं आली, रडली, गेली. धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. शेजारच्या खोलीत मामेबहीण कुणाला तरी सांगत होती की दगडात राहून ही दगड झाली. धाकटीने ते ऐकलं. आपण दगडात कधी कामच केलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

घर रिकामं झाल्यावर ती पुन्हा कामाला लागली. हात चालत होते. भूक लागली की पाव खायची. दाराशी ताईच्या चपला होत्या, त्या ओलांडून जायची. अस्वल पुरं झालं. ते चांगलं झालंय की वाईट, काही केल्या तिला कळेना. ब्राँझ ओतणारा ओतारी साचा घ्यायला आला, तेव्हा तिने विचारलं, "उठेल का हो हे?"

ओतारी अस्वलाभोवती एक फेरी मारून आला. "चार माणसांच्याने नाही उठायचं, बाई. क्रेन लागेल."

"बरं," ती म्हणाली.

बागेच्या उद्घाटनाला भाषणं झाली. अस्वल अगदी जिवंत वाटतं, असं जो तो म्हणाला. गर्दी पांगल्यावर पन्नाशीची एक बाई जवळ आली. ताईची विद्यार्थिनी. पाढे चुकले की ताई कशी नुसती बघायची, ते तिने सांगितलं. मग हसून म्हणाली, "आणि जनावरांना किती भ्यायच्या! वर्गात कुत्रं शिरलं की आमच्या आधी बाकावर. लहानपणी गाईने तुडवलं होतं ना त्यांना, तुमच्या जन्माआधी."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

"हो," धाकटी म्हणाली.

दोर धरून धरून ताईच्या तळहातांवर वळ उठायचे. इतकं आवळून कशाला धरतेस, असं धाकटीने एकदा विचारलंही होतं. उत्तर काय मिळालं ते आठवेना.

ती बाकावर बसली. आता रडू येईल असं तिला वाटलं, म्हणून ती थांबली. पोरं अस्वलाच्या पाठीवर चढत होती, घसरत होती. रडू आलं नाही. पायांना मुंग्या आल्या, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात पाणमांजरांच्या जोडीची मागणी आली. तिने हो म्हटलं आणि माती भिजत घातली. माती मुरायला वेळ लागतो. तोवर ती खुर्चीत बसून राहिली.