कुरणाची साफसफाई

लोटन आबा सरपंचावर माझा राग आहे असं गावात बोलतात. साफ खोटं आहे. राग माणसावर येतो. आबाला बघून मला फक्त थुंकावंसं वाटतं, आणि मास्तरकीच्या नोकरीत भर रस्त्यात थुंकता येत नाही म्हणून मी आवंढा गिळून "नमस्कार आबा" म्हणतो. तोही दोन्ही हात जोडतो आणि म्हणतो, "गुरुजी, तुमच्यामुळे गावाचं नाव झालं." झालं ना नाव! कसं झालं तेवढं सांगतो.

मी मूळचा पाचोऱ्याकडचा. नव्वद साली साक्रीच्या अलीकडच्या या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, अजूनही आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगण्याच्या लायकीचं ते नाही. मिरवावं असं तिथं एकच होतं, पूर्वेकडच्या माळावरचं साठ एकर कुरण. आखाडात कुरण बंद व्हायचं ते दसरा झाल्यावर उघडायचं. मधले तीन महिने आत ना ढोर, ना विळा. पवन्या, मारवेल, कुसळी, सगळं गवत कमरेला लागायचं. राखण करायला पंचायतीनं तानुबाईला ठेवलं होतं.

तानुबाई साठीची, विधवा, हातात बाभळीची काठी. खुद्द सरपंचाची म्हैस तिनं दोनदा कोंडवाड्यात नेऊन घातली होती. गावात ताठ कण्याचं माणूस शोधायला गेलात तर ती एकटीच सापडली असती. तिच्या निराधार पगाराचा अर्ज मी लिहून दिला होता, म्हणून तिला वाटायचं गुरुजी भला माणूस आहे. बिचारीचा तेवढा एकच अंदाज चुकला.

श्रावणात एका दुपारी ती शाळेच्या दारात आली. "गुरुजी, चला. तुमले एक गंमत दखाडस."

कुरणाच्या बांधावर बाभळीखाली आम्ही बसलो. थोड्या वेळानं गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला. पुरुषभर उंच गेला, पंख फडफडवले, बेडकासारखा आवाज केला आणि होता तिथंच खाली पडला. मिनिटभरानं पुन्हा. मग पुन्हा. मानेमागे त्याला काळ्या फितींसारखे तुरे होते, उडताना ते मागे वळायचे. अहो, मी तर तोंड उघडं टाकून बघत बसलो.

"खडमोर शे," तानुबाई म्हणाली. "मनी सासू सांगे, तिना टाईमले वीस-पंचवीस उडेत. आते हाऊ एकच ऱ्हायना."

खडमोर म्हणजे तणमोर. पुस्तकात मी त्याच्याबद्दल वाचलं होतं. गवताळ माळ नांगराखाली गेले आणि हा पक्षी देशातून संपत चालला आहे, एवढं मला ठाऊक होतं. तानुबाई पुस्तक न वाचता त्याच्या पुढचं जाणत होती. तिनं मला वाकून आत नेलं आणि दहा पावलांवरून बोट दाखवलं. गवताच्या बुडाशी हिरवट-तपकिरी चार अंडी होती. मादी चरायला गेलेली होती.

"नवा अंडा शेतस. आजून वीस दिन ती बसी. गुरुजी, कोनले सांगू नका हां."

"नाही सांगत," मी म्हटलं.

आणि घरी येऊन पत्र लिहायला बसलो.

माझ्याकडे कारण होतं, नाही असं नाही. हलकट माणसाकडे कारण नेहमी तयार असतं. दर वर्षी कुरणाचा एक तुकडा आबाच्या कुठल्या ना कुठल्या साल्या-मेव्हण्याच्या नांगराखाली जात होता. सरकारी कागद आला तर कुरण वाचेल, पक्षी वाचेल, असं मी स्वतःला समजावलं. हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की अठरा वर्षं मास्तरकी करून माझं नाव बदल्यांच्या यादीखेरीज कुठंही छापून आलं नव्हतं. दुर्मिळ पक्षी शोधून काढणारे गुरुजी! पत्राखाली सही करताना मी नाव जरा मोठ्या अक्षरात काढलं. एक प्रत धुळ्याला वनखात्याच्या साहेबांना, एक जळगावला पिंप्राळ्यात राहणाऱ्या एका पक्षीमित्राला.

एरवी सरकारी उत्तर यायला पोरांची लग्नं होतात. या खेपेस आठ दिवसांत आलं. मोठे साहेब स्वतः येणार, पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. कुरण संरक्षित म्हणून जाहीर करणार, गुरुजींचा सत्कार करणार. आबानं ते पत्र चावडीवर मोठ्यानं वाचलं. अर्ध्या शब्दांना ठेचा खाल्ल्या, पण 'सरपंचांनी योग्य ती व्यवस्था करावी' हे वाक्य त्यानं तीनदा वाचलं.

संध्याकाळी तानुबाई दारात उभी. "गुरुजी, तुम्ही सांगं का?"

"तानुबाई, त्याच्या भल्यासाठीच आहे. आता सरकार राखण करेल."

"साहेब तठे येतीन?"

"दुर्बीण असते त्यांच्याकडे. लांबूनच बघतील."

"दूरथीनच?"

"लांबूनच," मी म्हटलं. ती काठी टेकत निघून गेली.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी.नं धुळ्याला गेलो. कशाला? भाषण टाईप करून घ्यायला. दोन पानांचं भाषण! स्टॅण्डजवळच्या टायपिंगवाल्यानं तीन चुका केल्या, म्हणून मी त्याच्याकडून ते पुन्हा मारून घेतलं. शिंप्याकडे शर्ट टाकला होता, त्याची गुंडी लावायची राहिली होती, तिथं तास गेला. एवढा सगळा वेळ इकडं गावात काय चाललं होतं, त्याचा मला पत्ताही नव्हता.

इकडं आबानं दवंडी दिली होती. पाहुणा यायचा म्हटलं की आमच्याकडे आधी अंगण झाडतात, सडा टाकतात. आबाच्या डोक्यात तेवढंच शिरलं. पाहुणा कुरणात येणार, म्हणजे कुरण झाडायला पाहिजे. "साहेबासना पॅन्टले कुसळं चिकटतीन," तो म्हणाला, "आनि इतलं गवत ऱ्हायनं ते पक्षी दिसी कसा? गवत काढं ते चांगला दिसी." वर श्रमदानाची रीत अशी, की जो कापील त्याचा चारा. ऐन भादव्याच्या तोंडावर हिरवंगार गवत फुकट! घरटी दोन-दोन विळे निघाले. ज्यांनी शाळेच्या श्रमदानाला कधी घमेलं उचललं नाही, ते सगळे कुरणात वाकले. जन्मात एवढी एकी या गावानं दाखवली नव्हती.

मी एस.टी.तून उतरलो तर समोरून हिरव्या चाऱ्यानं भरलेल्या गाड्या येत होत्या. बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग तसाच. गावातला हिलाल भारा डोक्यावर घेऊन हसत आला. "गुरुजी, तुमनामुये चारा भेटना बरं!"

मी पळत सुटलो. कुरण कुठलं आणि काय! न्हाव्यानं डोकं भादरावं तसा माळ भादरला होता. जीप यायला चुन्यानं रस्ता आखला होता. आणि मधोमध तानुबाई बसली होती. तिच्या शेजारी खाटेएवढं गवत उभं होतं, त्याच्या चार कोपऱ्यांत चार तुरकाठ्या आणि काठ्यांभोवती तिचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. उजव्या हाताला चिंधी होती, चिंधीतून रक्त येत होतं. कुणाचा तरी विळा तिनं पात्याकडून धरला होता.

"इतलंच वाचाडं," ती म्हणाली.

"मादी?"

"दोन डाव उनी. वरथीन फिरनी आनि गई."

"येईल, तानुबाई. अंधार पडला की येईल."

"येवाव नही." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "आते ती बठ्ठासले, सगळा गावले दिसस. मंग ती कशी बसी?"

आता ऐका माझा पराक्रम. पाटलाच्या घरी फोन होता. धुळ्याला फोन करून मी सांगू शकत होतो, की साहेब, येऊ नका, इथं सत्यानाश झाला आहे. आबाची गचांडी धरू शकत होतो. निदान सत्कार नको म्हणू शकत होतो. मी काय केलं? घरी गेलो आणि नवा शर्ट खुंटीवर नीट अडकवला, चुरगळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी जीप चुन्याच्या रेघांमधून आली. साहेब उतरले, कमरेवर हात ठेवून चौफेर बघितलं आणि म्हणाले, "वा! फार छान ठेवलंय तुम्ही लोकांनी." आबाचं थोबाड बघण्यासारखं झालं होतं. पिंप्राळ्याच्या पक्षीमित्रानं दुर्बीण लावली. माळावर फक्त कावळे होते.

"पक्षी कुठंय?" त्यानं विचारलं.

"येईल की साहेब," आबा म्हणाला. जणू काही त्याला निरोप धाडला होता!

मग साहेबांना लुगडं दिसलं. आबा हसत हसत म्हणाला, म्हातारीचं डोकं जरा सरकलं आहे, कालपासून अंडी राखत बसली आहे. साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी काठी बाजूला केली, आत वाकले आणि थंडगार पडलेली ती चार अंडी तळहातावर घेतली. पक्षीमित्र हळूच "साहेब, हात नका लावू" असं म्हणाला. मग त्यानंच फोटो काढला. त्याला सगळं कळत होतं, आणि तरी त्यानं फोटो काढला. असली जात मला चांगली ओळखू येते, मी तिच्यातलाच आहे. साहेबांनी अंडी रुमालात बांधली. "ऑफिसला नमुना राहील," ते म्हणाले.

तानुबाई काठी टेकून उभी होती. साहेबांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उठलो. देवाशपथ सांगतो, उठलो, आणि खिशातून कागद काढून वाचायला लागलो. "गवत हेच या पक्ष्याचं घर आहे. गवत राहिलं तर पक्षी राहील." त्या भादरलेल्या माळावर उभा राहून मी हे दोनदा वाचलं, कारण भाषणात ते दोनदा लिहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला हसूसुद्धा आलं नाही. साहेबांनी मला शाल घातली, नारळ दिला, आणि पाटीवरचा पडदा ओढला. पाटी मीच साक्रीहून रंगवून आणली होती. 'तणमोर संरक्षित क्षेत्र. गवत कापण्यास सक्त मनाई.'

सगळे चहाला गेले. तानुबाई पाटीजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं.

"कोनले मनाई?" तिनं विचारलं.

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला. तिनं तुरकाठ्या उपटल्या, लुगडं झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि चालती झाली. पेपरात फोटो आला, साहेबांच्या हातात अंडी आणि मागे शाल पांघरलेला मी. आबानं तो चौकट करून पंचायतीत लावला. नंतर साहेबांना बढती मिळाली असं ऐकलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. गवत पुन्हा कमरेला आलं, गवताला काही लाजलज्जा नसते. श्रावणात वनखात्याचा छापील तक्ता आला. पक्षी दिसला किंवा दिसला नाही, लागू नसेल ते खोडावे. तो घेऊन मी कुरणावर गेलो. वर्षभरात तानुबाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती त्याच बाभळीखाली बसली होती, उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नव्हती म्हणून काठी डाव्या हातात. मला बघून ती उठली आणि वाट अडवून उभी राहिली.

"तानुबाई, आला का हो यंदा?"

"कोन?"

"खडमोर."

"नही," ती म्हणाली. "आठे काहीच नही शे. घर जा गुरुजी."

ती बोलत असतानाच तिच्या खांद्यामागे, गवतातून, तो सरळ वर उडाला. काळा, मानेमागे तुरे. पंख फडफडले, बेडकासारखा आवाज आला आणि तो खाली पडला. तानुबाईनं मागे वळून बघितलं नाही. तिनं तो आवाज ऐकला होता, मी बघितलं हेही तिला कळलं होतं. ती माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाली, "नही शे."

जन्मभर जिनं खोटा शब्द काढला नाही, तिला मी खोटं बोलायला लावलं. आबा गवत कापून मोकळा झाला, साहेब अंडी घेऊन गेला. वाट त्यांना मी दाखवली होती.

"बरं," मी म्हटलं.

तिथंच बांधावर बसून मी तक्त्यातला 'दिसला' हा शब्द खोडला आणि खाली सही केली, या वेळी बारीक अक्षरात. तानुबाई मी उठून जाईपर्यंत तिथून हलली नाही.